सुभेदाराची बादली

४ फेब्रुवारी

पत्राच्या वर काय लिहावं या विचारात माझा चहा निवला. 'प्रिय' लिहिलं तर तुला आवडणार नाही. 'चि.' लिहायचा हक्क मला अजून मिळालेला नाही. 'मॅडम' लिहावं तर विजेच्या बिलाची तक्रार केल्यासारखं वाटतं. म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे.

मी तुझ्या आईचा नवरा. मैत्रिणीशी फोनवर बोलताना तू मला 'आईचा भट्टीवाला' म्हणायचीस, ते भिंतीपलीकडे ऐकू यायचं. त्याचा राग नाही. उभा जन्म बेकरीच्या भट्टीसमोर गेला, नाव काही चुकीचं नाही.

तू सुभेदाराच्या पिंजऱ्यावर सूचनांचा कागद चिकटवून गेलीस. त्याच्या तळाशी तुझा पत्ता आहे आणि पुढे 'फक्त सरड्याला काही झालं तरच' असं लिहिलं आहे. 'तरच'खाली दोन रेघा. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझी बोबडी वळेल. तेव्हा पत्रच बरं.

तर सरड्याला काहीतरी झालं आहे. लगेच घाबरू नकोस. एरवी सुभेदार वरच्या फांदीवर बसून एक डोळा खिडकीकडे आणि एक माझ्याकडे ठेवून असतो. आता खाली उतरलाय आणि पिंजऱ्याच्या तळाशी फेऱ्या घालतोय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हा कुंपणाला जाऊन थडकतो, वळतो आणि परत थडकतो. किडे समोर सोडले तरी जीभ बाहेर काढत नाही. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय आणि हिरव्या अंगावर पिवळे-निळे ठिपके उठलेत. मी जास्त खायला घातलं की काय, ही मला धास्ती आहे. माझा हात सढळ. बेकरीतला मालकही म्हणतो की माझ्या हातचा पाव कधी वजनात बसत नाही.

उद्या कामावरून परस्पर डॉक्टरांकडे नेतो. कशात न्यायचा ते तू लिहिलेलं नाहीस. पावाची करंडी आहे, तिला वरून जाळी बांधीन.

आई बरी आहे. तुझी चौकशी करत असते.

— भट्टीवाला


६ फेब्रुवारी

आधी बातमी सांगतो, मग तू बस किंवा उभी राहा. सुभेदार बाई आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला, म्हणजे तिला, हातात घेतलं, पोटावरून दोन बोटं फिरवली आणि मला विचारलं, "हिला अंडी घालायला जागा काय केलीत?" मी म्हटलं, बाई, हा सुभेदार आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण बाळंतपणाला टेकलाय. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या बाईंना हसू आवरेना. तू इतकी वर्षं तिला सुभेदार म्हणत आलीस आणि तिने एकदाही तक्रार केली नाही, म्हणजे मनाने मोठी आहे.

नर नसतानाही ही अंडी घालते, कोंबडीसारखी. त्यातून पिल्लं निघत नाहीत. पण अंडी बाहेर यायलाच हवीत. आणि इथेच गोम आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला जमीन खणायला हवी, ओलसर, खोल आणि तिच्या पसंतीची. जागा पसंत पडली नाही तर ती अंडी घालतच नाही. पोटात धरून ठेवते, आणि त्यातच जाते. त्यांनी हे फार साधेपणाने सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

तू गेलीस त्या दिवशी आईशी एक शब्द बोलली नाहीस. माझ्याशी एकच वाक्य बोललीस. बॅग दाराबाहेर काढून मागे न वळता म्हणालीस, "सुभेदाराला पाणी फवाऱ्यानेच द्या." या घरात तुझं माझ्याशी झालेलं तेवढंच बोलणं, ज्यात तुला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. हे जनावर माझ्या हातात मेलं तर तुला कुठल्या तोंडाने लिहू?

तेव्हा काळजी करू नकोस, जागा तयार केली. बांधकामावरून बारीक वाळू आणली, बेकरीच्या जुन्या चाळणीने चाळली, भट्टी निवत आली तेव्हा तिच्यात भाजून घेतली म्हणजे किडामुंगी राहायला नको. मग थोडी माती मिसळून, पाणी शिंपडून, केकच्या मोठ्या ट्रेमध्ये पसरली. वरून हाताने अशी सपाट केली की मालकाने पाहिलं असतं तर पगार वाढवला असता.

आई विचारत होती, तू तिकडे नीट जेवतेस का.

— भट्टीवाला


१० फेब्रुवारी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो ट्रे मी परत बेकरीत नेऊन धुऊन ठेवला.

झालं काय, ती आली, वाळूवर उभी राहिली, पुढच्या पायांनी उकरू लागली. मी मनात म्हटलं, जिंकलो. एवढ्यात नखं पत्र्याला लागली. खर्र असा आवाज आला. ती थांबली, दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिथेही खर्र. मग ट्रेमधून उतरली आणि पुन्हा फेऱ्या सुरू. माझी अक्कल सगळी ट्रेची. आडवं पसरायचं, सारखं करायचं, लवकर भाजायचं. तिला खाली जायचं होतं, आणि मी तिला अंगण दिलं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तळ तिच्या हाताला लागता कामा नये, तळ लागला की तिला वाटतं इथे अंडी सुरक्षित नाहीत. मग मी मोठी बादली आणली, जिन्याखालची, जिच्यात तू लहानपणी म्हणे बसायचीस. आईनेच सांगितलं, ती बादली घ्या म्हणून. पिंजऱ्याचा तळ मोकळा करून ती आत बसवली. बुडाला बारीक भोकं पाडली, पाणी साचायला नको. आता वाळू आणि माती मिसळताना मात्र माझी चूक व्हायची नव्हती, कारण ते मळणंच आहे. मूठ दाबली तर गोळा राहिला पाहिजे आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. गोळ्यात बोट खुपसून काढलं तर भोक तसंच राहिलं पाहिजे. ढासळलं तर कोरडं, चिकटलं तर ओलं. मधोमध एक छोटं झाड लावलं, मुळांच्या आडोशाला तिला खणायला बरं वाटतं म्हणतात.

शेवटी राहिला आडोसा. पिंजऱ्यावर काहीतरी टाकायला हवं, तिला माणसं दिसायला नकोत. मी बेकरीतली पिठाची पोती उसवून टाकावीत असं म्हणत होतो. आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, सरड्याचे एवढे लाड मी माहेरी-सासरी कुठे पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पिंजऱ्यावर जाड निळा पडदा होता. चारी बाजूंनी दुमडून शिवलेला, वरून नाड्या, पुढे उघडायला फट. पडद्याचं कापड ओळखशील, तुझ्या खिडकीचं होतं.  जेवताना आई एवढंच म्हणाली की भाजीत मीठ कमी झालंय, वाढून घ्या.

— भट्टीवाला


१३ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. पोस्टमनकडून घेताना माझ्या हाताला पीठ होतं, त्याचा ठसा तुझ्या अक्षरावर उमटलाय, त्याबद्दल क्षमस्व.

कार्डावर संबोधन नाही. फिट्टंफाट झाली. तू लिहिलंस, "बादली खोलच हवी. दिवा जास्त वेळ चालू ठेवू नका. आई बघते का तिच्याकडे?"

पहिली दोन वाक्यं पाळतो. तिसऱ्याचं उत्तर मी लगेच देत नाही, कारण मला ते नीट माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते लिहायचं मी आता बंद करणार आहे. आई तुझी चौकशी करत असते, तू जेवतेस का विचारते, असं मी लिहिलं होतं. ते माझ्या पदरचं होतं. तिने तुझं नाव घेतलेलं नाही. आपण तिघं एका घरात होतो तेव्हाही तुम्ही दोघी माझ्यामार्फत मीठ मागायचात, म्हणून मला वाटलं, मध्ये मी थोडं माझं घातलं तर कुणाला कळतंय. तू विचारलंस आणि मला लाज वाटली.

आम्ही कचेरीत लग्नाच्या सह्या करून आलो आणि मग तुला सांगितलं, त्यावर मी काही बोलणार नाही. तो तुम्हा दोघींचा मामला आहे. मी त्या दिवशी नवा सदरा घालून दारात उभा होतो आणि तुझा चेहरा पाहून तो सदरा काढून टाकावासा वाटला, एवढंच सांगतो.

सुभेदार खणते आहे. काल झाडाच्या मुळाशी खड्डा दिसला, मूठभर वाळू बाहेर. पण आज तो अर्धवट सोडून ती पुन्हा जाळीला लटकली आहे. कशाने बिनसलं कळत नाही. वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढतात, त्याचा दणका बसत असेल. मी वर जाऊन विनंती करून आलो.

— भट्टीवाला


१६ फेब्रुवारी

वरच्यांनी खुर्च्यांना खाली फडकी बांधली. तरी दुसरा खड्डाही सोडला. मग मी खिडकीवर पुठ्ठा लावला, रस्त्यावरचे दिवे नकोत म्हणून. तिसराही सोडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आज दुपारची भट्टी बिघडली म्हणून लवकर घरी आलो. तुझ्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत तुझी आई गुडघ्यांवर बसली होती. पडद्याची कड दोन बोटांनी उचलून, मान वाकडी करून आत बघत होती. चष्मा कपाळावर. बादलीत सुभेदार खड्ड्याच्या तोंडाशी होती आणि तिचा एक डोळा सरळ तुझ्या आईवर. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि दोघी हलत नव्हत्या.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. बघते. मी कामावर गेलो की बघते. तिने कबूल केलं की दर थोड्या वेळाने येऊन बघते, जिवंत आहे ना म्हणून.

मी रागावलो नाही. पण सांगावं तर लागणार होतं. मी म्हटलं, केक फुगत असताना भट्टीचं दार उघडायचं नसतं, उघडलं की बसतो, हे मी शिकाऊ होतो तेव्हा मार खाऊन शिकलोय. ती उठली, साडीची वाळू झटकली आणि मला म्हणाली, "मी बघितलंच नाही, तर तिला कळणार कसं की घरात कुणीतरी आहे?"

  मी म्हटलं, "बादली तू दिलीस, पडदा तू शिवलास. कळतं तिला."

तिने पडद्याची कड सारखी केली. मग म्हणाली, ही माझ्यावर कुठे विश्वास ठेवते. कुणाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आम्ही खोलीतून बाहेर आलो. दार लोटून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की परवापर्यंत वाट पाहू, नाहीतर सुई द्यावी लागेल, आणि तिनेही झालं नाही तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचं त्यात काही सांगता येत नाही. म्हणजे घोडामैदान जवळच आहे.

— भट्टीवाला


१८ फेब्रुवारी

काल कामावर गेलो नाही. मालकाला सांगितलं घरी बाळंतपण आहे. त्याला खरंच वाटलं आणि त्याने या वयात माझं अभिनंदन केलं. मी खुलासा करत बसलो नाही.

तुझी आई दाराबाहेर शिवणाचं मशीन घेऊन बसली, पण मशीन चालवलं नाही, आवाज होतो म्हणून. हाताने बटणं लावत होती. माझ्या सदऱ्यांची होती नव्हती ती सगळी बटणं तिने काढून परत लावली. अधूनमधून तिचा हात दाराकडे जायचा, मी खाकरायचो, आणि हात परत यायचा. दुपारी मी खाकरून खाकरून खरंच खोकायला लागलो तेव्हा ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग बटण लावता लावता ती तुझ्याविषयी बोलायला लागली. तू पहिल्यांदा सायकल शिकलीस तेव्हा तिला कोपऱ्यावर उभं राहू दिलं नाहीस, जा म्हणालीस, आणि ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुकानात जाऊन नको असलेली सुतळी विकत घेत उभी राहिली. ती सुतळी अजून आहे म्हणे. त्या बोलण्यात तू आली नाहीस असा एक तासही गेला नाही, आणि यातलं काही माझ्या पदरचं नाही.

आज सकाळी पाणी द्यायची वेळ झाली तेव्हा मी एकटा आत गेलो. पडदा अगदी थोडा सरकवला. बादलीतली वाळू सपाट होती. अशी सपाट, की मीही करू शकलो नसतो. खड्ड्याचा मागमूस नाही. आणि वरच्या फांदीवर सुभेदार. तोंडावर, पाठीवर, डोळ्यांच्या घुमटांवर वाळू. पोट आत गेलेलं, बरगड्या दिसत होत्या, रंग फिका हिरवा. मी फवारा धरला आणि ती पीत राहिली. पाणी तिच्या नाकावरून गळत होतं आणि ती पीत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लिहायला काय लाजायचं, आलं.

तुझ्या आईला हाक मारली. आता ये, म्हटलं, आता बघ.

अंडी काढून घ्यावी लागतात. ते काम तिनेच केलं. बाह्या वर करून, चमच्याने नाही, बोटांनी. बादलीच्या अगदी खालून निघाली, पांढरी, शेंगदाण्याएवढी, एकमेकांना चिकटलेली. ओंजळ भरली. यातून काही निघणार नाही हे तिला मी सांगितलं होतं, तरी तिने ती पिठाच्या डब्याच्या झाकणात मऊ फडकं घालून ठेवली. मला स्वतःचं मूल नाही, हे तुला माहीत असेल. त्या झाकणाकडे बघून मला एरवी वाईट वाटलं असतं. आज वाटलं नाही. फांदीवर जिवंत बसली होती ना ती.

आई म्हणते, खालची जागा सोडा, मला लिहायचंय. सोडतो.

— भट्टीवाला

*यांनी सगळं लिहिलंच असेल, लिहायला बसले की उठत नाहीत. मी थोडक्यात लिहिते. तुला आधी सांगायला हवं होतं. सह्या करायच्या आधी. तू नाही म्हणशील याची मला भीती वाटली, आणि तू नाही म्हटलं असतंस तर मी थांबले असते, याची जास्त भीती वाटली. म्हणून लपवलं. तू चिडलीस ते बरोबर होतं, वर मीच तुला उलटून बोलले ते चूक होतं. तुझी खोली झाडली आहे, खिडकीला नवा पडदा शिवला आहे. कधी येणार असं विचारणार नाही. सुभेदाराने आज दोन किडे खाल्ले. — आई*


२ मार्च

चि. पोरी,

आज वर 'चि.' लिहितोय. नको असेल तर खोडून टाक, मला दिसणार नाही.

तुझं पाकीट आलं. त्यावर आईच्या नावाखाली माझंही नाव होतं. मी ते वाचलं आणि पाकीट न फोडता तसंच आईच्या हातात दिलं. तिने पत्र वाचलं, मला वाचायला दिलं, मी अर्ध्यावर आलो तर परत घेतलं, पुन्हा वाचलं. आता ते कुठे ठेवलंय मला माहीत नाही. उशीखाली असेल, नाहीतर मशीनच्या खणात. उरलेलं अर्धं तू आल्यावर तोंडी सांग.

तू विचारलंस, खोलीतली बादली काढली का. नाही काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही काही महिन्यांनी पुन्हा अंडी घालणार, बादली कायमची ठेवा. झाडाला नवं पान आलंय. सुभेदार आता एवढी खाते की मीच हात आखडता घेतो, यावरून ओळख. आणि तिचं नाव बदलायचं नाही, हे तुझं म्हणणं आम्हा दोघांनाही मान्य आहे.

तू लिहिलंस की शनिवारी येतेस, दोन दिवसांसाठी, स्टेशनवर कुणी घ्यायला येऊ नका, जिन्यात उभे राहू नका, काही खास करू नका. आईने हे मोठ्याने वाचलं आणि 'बरं' म्हणाली. एकदाच म्हणाली आणि मनापासून म्हणाली. मी साक्षीला आहे. आम्ही स्टेशनवर येणार नाही. जिन्यात उभे राहणार नाही. मी भट्टीवर असेन आणि येताना नेहमीचाच पाव आणीन, फक्त ताजा. आई म्हणते की ती शिवत बसेल आणि बेल वाजली की दार उघडेल, बस्स.

एक फक्त तुझ्या कानावर घालून ठेवतो. तू कोपऱ्यावरून वळशील तेव्हा आपली खिडकी समोर दिसते. नव्या पडद्याची कड जराशी उचललेली असेल, दोन बोटांएवढी. ती तुला दिसेल. दिसली नाही असं कर, आणि वर ये.

— भट्टीवाला